टाकीला खोकला

आता टाकीला खोकला होतो का हो? पाण्याच्या टाकीला! तुम्हीच सांगा. तो पाणीखात्याचा माणूस आमच्या जिन्यावर उभा, मी वरच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी, आणि आतून... खॉक, खॉक! तो म्हणाला, "बाई, टाकी खोकतेय." मी म्हटलं, "पाणी डचमळत असेल." तेवढ्यात आतून सासूबाई, "अगं, चहा झाला का?" झालं! हा गालात हसतोय, "टाकी चहा मागतेय. तिला द्याल तेव्हा मलाही द्या." त्याला कुठला चहा हवा होता, ते काय सांगायला हवं?

तशी मी सरळ बाई हो! भाजीवाल्यानं चुकून कांदा जास्त टाकला, तर परत नेऊन देणारी.

पण गेल्या वर्षी घरपट्टीचा साहेब टेप घेऊन आला. वरची खोली मोजली, पलंगावर बसलेल्या सासूबाईंना नमस्कार केला, आणि मला म्हणतो, "ही टाकी ना?" मी म्हटलं, "अहो, या सासूबाई!" तो म्हणाला, "खोली लिहिली तर पट्टी वाढते. टाकीला पट्टी नाही. बघा बुवा, आमचं चहापाणी तेवढं..." आमचे हे छताकडे बघायला लागले. घरात अडचण आली की हे छताकडेच बघतात! मग मीच उठले, तांदळाच्या डब्यातलं पाकीट काढलं. म्हटलं, पट्टी भरून तरी ती कुणाच्या पोटात जाते? एका पोटाऐवजी दुसरं पोट! आणि सगळी गल्ली तेच करत होती. त्या दिवसापासून सासूबाई, तुम्हाला सांगते, सरकारदरबारी टाकीत राहतात.

फक्त समोरची लाँड्रीवाली अडली. "माझी खोली आहे तर खोलीच लिहा, पट्टी भरते." आम्ही काय हसलो हो तिला! "हरिश्चंद्राची धाकटी बहीण" म्हणालो. मीच म्हणाले. मीच.

मग या उन्हाळ्यात नळाचं पाणी निम्म्यावर आलं. गेलो सगळ्याजणी तावातावानं पाणीखात्यात. तिथला साहेब म्हणतो, "बाई, तुमच्या गल्लीत घरटी एक टाकी! एवढ्या टाक्या अख्ख्या गावात नाहीत. भरून ठेवा की! पाणी आम्ही दुसऱ्या गल्लीला दिलंय." सगळ्या आपापल्या चपला बघतायत. एकटी लाँड्रीवाली ओरडतेय, "कुठल्या टाक्या? अहो, कुणीतरी बोला ना!" साहेब म्हणाला, "माणूस पाठवतो, टाक्या गळतात का बघायला." तोच हा खोकल्याचा पाहुणा. घरोघरी चहा पिऊन गेला आणि सांगितलं, टाक्या उत्तम!

तशी मी सरळ बाई... पण समोर बघवेना हो. तिच्या दोऱ्या रिकाम्या, गिऱ्हाईकं गाठोडी उचलून पलीकडच्या गल्लीत चाललेली, आणि ती दारात हात मांडीवर ठेवून बसलेली. शेवटी गेले. म्हटलं, "ताई, आमची टाकी... म्हणजे, ती टाकी नाही गं." ती शांतपणे म्हणाली, "ठाऊक आहे की. तुमच्या टाकीची चादर दर पंधरा दिवसांनी मीच धुते."

अशी शरम वाटली! तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तशीच तडक घरपट्टीच्या कचेरीत. म्हटलं, "आमच्या टाकीची खोली करा. पट्टी भरते, दंडही भरते." कारकुनानं चष्मा काढला. "स्वतःहून?" मग शेजारच्याला हाक, "अरे ये, बाई बघ!" चौघं जमले हो, जत्रेतलं अस्वल बघावं तसे! मग हळूच म्हणतो, "टाकी करणं सोपं असतं बाई. टाकीची खोली करायची म्हणजे आमच्याच साहेबाला खोटं पाडायचं. चहापाणी जरा जास्त पडेल."

दिलं! काय करता? खोट्याला लागला होता कप, खऱ्याला लागली किटली. लाँड्रीवालीला धापा टाकत सांगितलं, "झाली बाई खोली!" तिनं उठून नळ फिरवला. नळ नुसता फुसफुसला.

कसं येणार पाणी? एकच टाकी कमी झालीय. तशी मी सरळ बाई हो, चहापाणी देऊन झालेली... पण बाकी गल्लीतल्या टाक्या अजून खोकतायत!