ब्लाऊजपीसचे पोपट

नव्या सुनेने सासरच्या कपाटाला न विचारता हात लावू नये, एवढं सांगते. आमच्या अंबरनाथच्या दाराला तोरण हवं म्हणून मी कपाटात पडून असलेले सगळे ब्लाऊजपीस कापले आणि कापूस भरून त्यांचे पोपट शिवले.

रविवारी बदलापूरहून सासूबाईंच्या नणंद आल्या. निघताना त्यांची ओटी भरायची, तर कपाट रिकामं.

"ओटीचे ब्लाऊजपीस कुठे गेले गं?"

मी दाराकडे बोट दाखवलं. आता माझं काही खरं नव्हतं.

सासूबाईंनी शांतपणे तोरणातला एक पोपट सोडवला आणि नारळ-तांदळाबरोबर नणंदेच्या पदरात घातला.

नणंदबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "वहिनी, हा ब्लाऊजपीस मीच तुम्हाला दिला होता ना?"

सासूबाई म्हणाल्या, "हो वन्सं, पण तेव्हा त्याला चोच नव्हती."