नामदिनाचा हलवा

(थेसालोनिकी. विषाणूंवरच्या औषधांची प्रयोगशाळा. प्रमुख कॅलिओपीबाई आणि त्यांच्या हाताखालचा स्तमातिस.)

कॅलिओपी : थुंकले मी! टिश्यूत थुंकले! ही कसली थट्टा?

स्तमातिस : थट्टा? बाई, आज माझा नामदिन, माझ्या नावाच्या संताचा सण! म्हणून हलवा आणला. स्वतः रवा भाजला, दालचिनी घातली...

कॅलिओपी : आणि साखरेच्या जागी मीठ ओतलं!

स्तमातिस : शक्यच नाही! सकाळी घाईघाईत बशीभर खाऊन आलोय. काही वावगं लागलं नाही!

कॅलिओपी : बशीभर? ...हे लिंबू घे. चाव.

स्तमातिस : आत्ता? अहो, उद्या औषधाच्या परवानगीसाठी समितीपुढे जायचंय, केवढं काम...

कॅलिओपी : चाव म्हणते ना!

स्तमातिस : चावलं. बस?

कॅलिओपी : तोंडसुद्धा वाकडं झालं नाही तुझं. आपलं औषध कधीपासून खातोयस, गाढवा?

स्तमातिस : ...खोकला झाला होता. पण गेला ना बाई, पार गेला! विषाणू रोज सोंग बदलतो, त्याच्यामागे किती धावायचं? आपल्या औषधानं तो शिरतो ते पेशीचं दारच लावून घेतलं! दार थोडंच सोंग बदलतं?

कॅलिओपी : दार कुणाचं?

स्तमातिस : आपलंच.

कॅलिओपी : मग त्यातून आणखी काय काय ये-जा करतं, ते पाहिलंस? विषाणू न घालता, निरोगी पेशींवर नुसतं औषध घातलेली चाचणीची प्लेट कुठाय?

स्तमातिस : ती... राहिली. वेळ कुठे होता?

कॅलिओपी : राहिली? ‘निरोगी पेशींना धोका नाही’ असं अर्जात लिहून माझी सही घेतलीस की रे!

स्तमातिस : सही तुमची, घाम माझा! तुमचं आपलं कायम ‘सावकाश, सावकाश’! तिकडे वॉर्डात माणसं मरतायत!

कॅलिओपी : त्यांनाच देणार होतो आपण हे, उद्या परवानगी मिळाली की! तुझ्या जिभेची चव गेली. त्यांचं काय जाईल? आतडी? यकृत?

स्तमातिस : जळता तुम्ही माझ्यावर.

कॅलिओपी : जळते तर जळते. समितीला फोन लावतेय. उद्याचं रद्द.

स्तमातिस : बाई, नको! संपलो मी!

कॅलिओपी : ऊठ. खाली जाऊन आधी रक्त दे तपासायला.

स्तमातिस : ...बाई.

कॅलिओपी : आता काय?

स्तमातिस : चव परत येईल ना?

कॅलिओपी : पेशी सावरतात का, ते त्या राहिलेल्या प्लेटमध्ये दिसलं असतं, स्तमातिस.