सिंगापूरची बोहनी

हसू नका, पण सिंगापूरला जाऊन इंटरनेटवर दुकान थाटणारा फैजपूरचा पहिला शहाणा मीच, नव्व्याण्णव साली. माल वडिलांनी, म्हणजे आबांनीच बांधून दिलेला: घरच्या केळीचे वेफर्स, दोन खोकी. आठवडा झाला तरी एक ऑर्डर येईना. पार्टनर परतीच्या तिकिटाची चौकशी करू लागला.

फोनवर आबा म्हणाले, "अजून बोहनी नाही? थांब, पाहतो मी."

दुसऱ्याच दिवशी ऑर्डर आली! आम्ही खोलीत नाचलो. मग पत्ता वाचला: फैजपूर. आबांनी जळगावच्या सायबर कॅफेत जाऊन मागवले होते.

गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. पार्सल पाठवलं.

महिन्याने आबांचा फोन आला. "वेफर्स सादळले रे तुझे. आपल्या फैजपूरचे खाऊन पाय, अशे नसता!"