टोपीचा नंबर

पोलीस ठाणे: वांगीफाटा, ता. सिल्लोड, जि. औरंगाबाद
दिनांक: १७ मार्च १९६९, सोमवार, सकाळी साडेदहा
जबाब देणार: पुंजाराम रंगनाथ राऊत, वय ४९ वर्षे, धंदा केशकर्तन, राहणार मौजे हिवरदरी

मी वर लिहिलेला इसम, ठाण्यात हजर राहून, कोणाच्या दबावाखाली न येता सांगतो की, मी हिवरदरी येथे बायको सरूबाई हिच्यासह राहतो. आज सोमवार असल्याने दुकान बंद आहे, म्हणून बोलावताच आलो. मंगळवारी बोलावले असते तर उशीर झाला असता.

माझे दुकान चावडीसमोर आहे. त्याआधी मी औरंगाबादेत गुलमंडीवर सहा वर्षे एका सलूनमध्ये कामाला होतो. ते सलून मोडले तेव्हा तिथली फिरती खुर्ची मी पगाराच्या बदल्यात घेतली व बैलगाडीतून गावी आणली. पंचक्रोशीत फिरती खुर्ची माझ्याकडेच आहे. ती आता फिरत नाही.

कारभारी तुळशीराम साळवे हे आमच्या गावच्या बौद्धवाड्यात राहतात. एकोणीस वर्षे पलटणीत होते. ते नाईक म्हणून निवृत्त झाले, पण आपल्याकडे पलटणीतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, म्हणून तेही मेजर. ते गावी आल्यापासून चार वर्षे मी त्यांची दाढी केली नाही. कधी वस्तऱ्याला धार नाही, कधी साबण संपला, कधी माझी बोटे दुखतात, असे सांगत होतो. खरे कारण मला माहीत होते व त्यांनाही माहीत होते. गावाने माझे बलुते बंद केले असते, ही भीती होती. चार वर्षे ते दर शुक्रवारी दाढीसाठी सिल्लोडला पायी जात. अकरा मैल जाणे आणि अकरा मैल येणे. येईपर्यंत दाढी पुन्हा वाढायला लागलेली असे. मला याची लाज वाटत होती. लाज वाटून मी काही केले नाही, हेही लिहावे.

मेजरांनी अस्पृश्यतेच्या कायद्याखाली अर्ज दिला. सिल्लोडच्या कोर्टात मी यापुढे सर्वांची दाढी सारखीच करीन असे लिहून दिले. गावी परत आलो तर माझा मोठा आरसा फुटलेला होता. कोणी फोडला ते मी तेव्हा सांगितले नाही व आज विचारलेले नाही. आप्पासाहेब पाटील यांनी चावडीवर सांगितले की, "त्या खुर्चीत तो बसला की गाव बसणार नाय." त्यावरून ठाण्याच्या फौजदार साहेबांनी बंदोबस्त लावला. दिनांक १२ एप्रिल १९६८ पासून दर शुक्रवारी सकाळी नऊ वाजता ठाण्याचा ट्रक येई. त्यात एक जमादार व चार शिपाई असत. जमादार म्हणजे हा जबाब लिहून घेणारे जमादार सांडू हेच.

बंदोबस्ताची रीत अशी की, ट्रक आला की शिपाई बाकावरची माणसे उठवत. मेजरांना बौद्धवाड्यापासून दोघे पुढे, दोघे मागे असे आणत व थेट खुर्चीत बसवत. पंधरा मिनिटांत दाढी करून तसेच परत पोचवत. मी तीस वर्षांत अनेक दाढ्या केल्या, पण मागे बंदूकवाला उभा असताना माणसाच्या गळ्यावरून वस्तरा फिरवायचा, हे काम सोपे नाही. पहिल्या दिवशी मी वस्तरा तीनदा पट्ट्यावर ओढला, पण गळ्याला लावला नाही. मेजर डोळे मिटून म्हणाले, "पुंजाराम, भ्यायचं मी का तुम्ही?"

सुरुवातीला मेजर गेल्यावर मला खुर्ची धुवावी लागे. गावाची तशी ताकीद होती. मी धूत होतो. वैशाखात विहिरीचे पाणी आटले तेव्हा धुणे बंद झाले व पुढे पाणी आले तरी कोणाला आठवण झाली नाही. यात माझा काही मोठेपणा नाही.

असे अठ्ठेचाळीस शुक्रवार झाले. पैकी दोन वेळा नाल्याला पूर होता, ट्रक आला नाही, म्हणून दाढीही झाली नाही. ठाण्याच्या डायरीत दर वेळी "कारभारी साळवे यांची दाढी बंदोबस्तात शांततेत पार पडली" असे लिहितात, हे जमादारांनी मला वाचून दाखवलेले आहे.

एका दाढीवर सरकारचा किती खर्च होतो, असे वरून विचारले आहे म्हणतात. माझा दर चार आणे आहे. सरकारचा दर मला माहीत नाही. आप्पासाहेबही सुरुवातीला म्हणत, "एका माणसाच्या दाढीपायी सरकारचा ट्रक? लोकांचा पैसा हाय त्यो." माझे म्हणणे एवढेच की, खर्च आधीही होत होता. तो चार वर्षे एकटे मेजर पायांनी भरत होते. त्याची चौकशी झाली नाही. सरकारने भरायला घेतला तेव्हा गावाला तो दिसला.

पुढे गाव बंदोबस्ताच्या विरोधात राहिले नाही. दोन वेळा ट्रक नाल्यात रुतला म्हणून सरकारने तिथे मुरूम टाकला. तो मुरूम गाव पंधरा वर्षे मागत होते. माझ्या दुकानाला लागून शफीभाईंनी शिपायांसाठी चहाची टपरी टाकली, ती आता गावासाठी चालते. शुक्रवार सिल्लोडच्या कामाचा दिवस, आणि ट्रक परत जाताना सिल्लोडवरून रिकामा जातो. त्यात कोण कोण बसून गेले, हे मी सांगू शकत नाही, कारण लिहून घेणारे जमादार सांडू यांनी इथे खोकला काढला. एकदा कोंबड्यांची डालगी होती, एवढे नक्की आठवते.

म्हणून बंदोबस्त उठणार अशी बातमी आली की गावात कोणीतरी कुठेतरी चिठ्ठी चिकटवते, "बंदोबस्त उठला तर याद राखा." मागची चिठ्ठी सापडली तेव्हा तिची खळ अजून गरम होती, म्हणजे गावातच शिजलेली. ज्या गावाला मेजर खुर्चीत नको होते, त्याच गावाला आता भांडण मिटायला नको आहे. मेजर मात्र मला दर शुक्रवारी म्हणत, "हे शिपाई एकदाचे जाऊ द्या. मला दाढी करायची हाय, मिरवणूक काढायची नाय." मी हसण्यावारी नेत असे. खरे सांगायचे तर ट्रक होता तोवर मलाही बरे होते. कोणी विचारले तर पोलिसाने करायला लावली असे मला सांगता येई.

आता दिनांक १४ मार्च, शुक्रवारची हकीकत. ठाण्यात निनावी अर्ज आला आहे की, त्या दिवशी आप्पासाहेबांनी मेजरांची टोपी काठीने ढकलून अपमान केला, सबब बंदोबस्त आणखी एक वर्ष ठेवावा. अर्ज खरा ठरला तर ट्रक राहणार व खोटा ठरला तर उठणार, असे फौजदार साहेबांनी मला समजावले आहे. दुकानात मी हजर होतो. जे पाहिले ते सांगतो.

त्या दिवशी ट्रक दुसऱ्या बंदोबस्तावर गेला होता. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मी म्हटले, आज दाढी नाही. तेवढ्यात मेजर एकटेच आले.

आमच्या दुकानात नंबर लावायची रीत अशी आहे. आलेला माणूस आपला फेटा किंवा टोपी बाकावर ओळीत ठेवतो आणि शफीभाईंकडे चहाला जातो. खुर्चीकडच्या टोकाला ज्याचे पागोटे, त्याची पाळी. तो उठला की मागचा आपले पुढे सरकवतो, आणि पुढच्या पागोट्याचा मालक चहाला गेला असेल तर त्याचेही सरकवतो. टोपीचा नंबर तोच माणसाचा नंबर. ही रीत माझ्या बापापासून आहे. अकरा महिन्यांत मेजरांना नंबर कधी लावावा लागला नव्हता. त्यांना शिपाई थेट बसवत.

मेजर आत आले, बाकाकडे पाहिले, पलटणीची टोपी काढली, दोन फेट्यांच्या मागे ठेवली व चहाला गेले. गेल्या पाच वर्षांत मी त्यांना असे सावकाश चालताना पाहिले नव्हते.

थोड्या वेळाने आप्पासाहेब आले. त्यांच्या मुलीला पाहायला दुपारी पाहुणे येणार होते व त्यांची दाढी चार दिवसांची होती. त्यांनी फेटा टोपीमागे ठेवला व काठी टेकून तिथेच बसले. पहिला माणूस उठला, दुसरा खुर्चीत बसला. बाकाचे टोक रिकामे झाले. आता टोपी पुढे सरकवायची ती मागच्याने, म्हणजे आप्पासाहेबांनी. ते छताकडे पाहत राहिले. टोपी होती तिथेच राहिली.

दुसराही उठला. आप्पासाहेब म्हणाले, "घे पुंजा, मला घे."

मी म्हणालो, "नंबर टोपीचा हाय, आप्पासाहेब."

हे मी कसे बोललो ते मला सांगता येत नाही. ट्रक नव्हता, शिपाई नव्हते, नवा आरसाही उधारीवरचा आहे.

आप्पासाहेब म्हणाले, "कुणाची हाय टोपी?"

मी म्हणालो, "तुम्हाला ठावं हाय. पण नंबर तिचाच हाय."

त्यावर आप्पासाहेबांनी काठीच्या टोकाने टोपी बाजूला ढकलली. ती बाकावरून खाली केसांच्या ढिगात पडली. हे खरे आहे. त्याच वेळी मेजर चहाचा ग्लास हातात घेऊन दारात उभे होते, हेही खरे आहे. मागे शफीभाई किटली घेऊन उभे होते. मेजरांनी ग्लास तोंडाला लावला व एक घोट घेतला. मला वाटले, आता आरसा गेला.

आप्पासाहेब उठले. त्यांचा गुडघा दुखतो, वाकताना त्यांनी बाकाचा आधार घेतला. त्यांनी टोपी हाताने उचलली. ढिगात सकाळपासूनचे सगळ्या गावाचे केस होते व त्यातले कोणते कोणाचे हे मलाही ओळखता येत नाही. त्यांनी टोपी आपल्या मांडीवर दोनदा झटकली आणि बाकाच्या टोकाला, पहिल्या नंबरावर ठेवली. मेजरांकडे पाहिले नाही.

मेजर आत आले, टोपीशेजारी बसले आणि म्हणाले, "आप्पासाहेब, आज पाव्हणे यायचेत म्हणं तुमच्याकडं. घाई असल तर तुम्ही बसा आधी. मी हाय बसलेलो."

ज्याचा नंबर असतो त्यालाच तो दुसऱ्याला देता येतो. हे तिथे सगळ्यांना कळले, आप्पासाहेबांना सगळ्यात आधी कळले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग "बरं" म्हणाले व खुर्चीत बसले. त्या दाढीत माझ्याकडून हनुवटीला थोडे कापले, तुरटी लावली.

त्यानंतर मेजरांचीच पाळी होती, पण ते उठेनात. एक जुना पेपर पडला होता तो त्यांनी सगळा वाचला. तोवर मागे आणखी दोघांनी नंबर लावले होते, त्यांनाही त्यांनी आपल्या आधी बसवले. मी म्हणालो, "मेजर, या आता." ते म्हणाले, "बसू द्या जरा. लई दिवसांनी बसलोय." साडेअकराला त्यांची दाढी केली. त्यांनी चार आणे दिले. ते गेल्यावर मी बराच वेळ वस्तरा पुसत होतो. मला आनंद झाला होता.

काठीने ढकलली का, तर हो. हाताने उचलली का, तर हो. एक लिहिले तर दुसरेही लिहावे. मेजरांची तक्रार नाही, ते बाहेर बसले आहेत, त्यांना विचारावे. अर्ज कोणी केला ते मला माहीत नाही, पण ज्याला शुक्रवारी सिल्लोडला फुकट जायचे असते त्याने केला असावा. ट्रकची आता दाढीसाठी गरज नाही. मुरूम पावसाळ्यात वाहून जाईल, त्यासाठी गावाने वेगळा अर्ज करावा.

माझी एकच विनंती आहे. चौदा तारखेच्या डायरीत काही लिहू नये. गावात एका माणसाने दाढी केली, एवढेच झाले.

हा माझा जबाब जमादार सांडू यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. सांगितला तसा उतरला आहे. एका ठिकाणी त्यांनी सवयीने "मेजरांची दाढी बंदोबस्तात केली" असे लिहिले होते, तो "बंदोबस्तात" शब्द माझ्या सांगण्यावरून खोडला. खोडल्याच्या जागी माझा अंगठा आहे.