भट्टीच्या गल्लीचं वळण

वडील : अगं, झेंडी हातात होती म्हणून हलवली. वळ असं कुठे म्हटलं मी?

मुलगी : लाल झेंडी हलली की वळायचं. लहानपणी तुम्हीच शिकवलंत.

मिस्त्री : ताई, चाक घट्ट धरा. राग नंतर काढा.

वडील : गिरणीच्या वळणावरच उभा होतो की मी! आपल्या गल्लीने वर्गणी काढून ही सायकल शर्यत सुरू केली, तेव्हापासून त्या वळणावरची झेंडी माझी. तुझा दादा शर्यतीत होता तेव्हा अंगात ताप होता, तरी हललो नाही.

मुलगी : मग आजच कुठे पाय फुटले?

वडील : मोटरसायकलवाला ओरडत गेला, "तुमची पोरगी एकटी पुढे आहे!" दादा कधी घोळक्यातून वर आला नाही गं. मला राहवेना. म्हटलं, भट्टीच्या गल्लीपाशी चढ संपतो, तिथून लांबवर दिसशील. डोळे भरून बघीन आणि पळत परत येईन.

मुलगी : बघितलंत ना डोळे भरून?

वडील : बघितलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत तू त्या गल्लीत शिरलीस.

मिस्त्री : नुसती खडी आहे तिथे. चाक पार आउट झालंय, काका.

मुलगी : मागच्या सगळ्याजणी जमिनीवरचे बाण बघत सरळ गेल्या. त्यांचे बाप नव्हते ना रस्त्यावर.

वडील : कमिटीवाले म्हणतात, घरची मुलगी, रस्ता चुकलीच कशी?

मुलगी : चढावर मान खाली होती, डोळ्यांत घाम. झेंडी दिसली, तुमची टोपी दिसली. रस्ता बघितलाच नाही मी. बाबा उभे आहेत म्हणजे हेच वळण.

वडील : उद्या शेवटचा टप्पा आहे. भरून निघेल.

मिस्त्री : उगाच कशाला, काका? एवढं मागे पडल्यावर पंख लावले तरी पहिला नंबर नाही.

मुलगी : आणि सायकल क्लब त्यांच्या संघात पहिलीलाच घेणार. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही.

(मिस्त्री चाक फिरवून बघतो. ते अजून घासतंय.)

वडील : उद्या परत येताना तेच वळण आहे. जागचा हलणार नाही, तुझी शपथ.

मुलगी : माझी शपथ नको.

वडील : मग काय करू, सांग तरी.

मुलगी : उद्या तिथे कुणीतरी परकं उभं करा, बाबा. मी आले काय न आले काय, ज्याला काही वाटत नाही असं.