उंदरानं तोडलेली वायर

— हसू नका रियाजभाई, खरंच विमानाचा इंजिनिअर हाय तो. तिकडं गाडीखालून नुसते पाय दिसून राहिलेत न्हवं, तोच. रेवणसिद्ध, माझ्या वर्गातला. बेंगलोरला विमानाच्या व्हॉल्व्हची डिझाईन काढायचा — हवेचा दाब वाढला की आपोआप उघडणारा, अन् तो अडकलाच तर शेजारचा उघडणारा. त्याच्याच डोक्यातनं निघालेलं ते. एवढं सोडून साहेब लातुरात आले. कशाला? तर माझ्या क्लासच्या गाड्या कुठवर पोचल्या ते बघायला! गाडीत जीपीएसची एक डबी बसवायची, की रेणापूरच्या आईला मोबाईलवर कळतं पोरगी कुठं हाय. सारं लातूर पोरांना डॉक्टर करायला निघालं, अन् आमचा हा आभाळातून थेट माझ्या टेम्पोखाली!

का म्हणून इचारता? त्र्याण्णवचा भूकंप. आम्ही निलंग्याकडल्या खेड्यात होतो. ह्याची धाकटी बहीण, अक्षरा, ढिगाऱ्याखाली — पण बोलत होती हो. आम्ही हातानं माती उपसून राहिलो, तुळई हलेना. जॅक घेऊन जीप निघाली म्हणून निरोप आला. निघाली ती निघालीच — सारख्या नावाच्या दुसऱ्याच गावात जाऊन उभी. कुणाला ठाव जीप कुठं हाय! आली तवा दुपार झालेली. अक्षरा सकाळी दहालाच गप झाली होती... असो. चहा घ्या.

तर डब्या बसल्या, अन् माझी पंचाईत सुरू. "मन्मथभाऊ, गाडी धाब्यावर वीस मिनिटं का उभी?" "मन्मथभाऊ, गाडी नव्वदनं का पळून राहिली?" अहो, आया हायेत का पोलीस? मग काय, एका गाडीतल्या डबीची वायर उंदरानं तोडली. हाव, उंदरानंच. पंचनाम्यातबी तेच हाय. लई शिकलेला उंदीर — बॉनेट उघडून, पक्कड घेऊन... असं बघू नका माझ्याकडं.

नेमकी तीच गाडी दुसऱ्याच दिवशी कालव्यात कलंडली. भर दुपारी. ड्रायव्हर बेशुद्ध, दार चेपलेलं, आत अकरा पोरी — अन् क्लासच्या नियमानं एकीकडंबी मोबाईल न्हाई. हा स्क्रीनसमोर बसलेला, अन् गाडी दिसून राहिली माझ्याच अंगणात! वायर तुटली तवा गाडी जिथं होती, स्क्रीनवरची खूण तिथंच अडकलेली ना. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. सांगितलं का? न्हाई सांगितलं. दीड तास, भाई. शेवटी तोच मोटारसायकल काढून गाडीच्या रोजच्या रस्त्यानं, कालव्याच्या कडंनं टायरच्या खुणा बघत गेला. पोरी जित्या निघाल्या सगळ्या. एकीचा पाय तेवढा कापावा लागला. नीलम्मा नाव तिचं. येळेत काढली असती तर वाचला असता, म्हणले डॉक्टर.

वायरचं टोक बोटात धरून बघितलं त्यानं. उंदराचा दात असा सरळ कापत न्हाई, एवढं त्याला कळतंच की. पोलिसांपुढं काय म्हणला ठाव हाय? "चूक माझी. वायर तुटली तरी डबी बोलत राहायला पायजे होती." चूक त्याची म्हणे! चार माणसांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आता आत बॅटरी घालतो, पत्र्यात बंद करतो — वायरला हात लागला की पयले सगळ्या आयांचे फोन वाजतात. लई हुशार! माझ्याशी "पाना दे" एवढंच बोलतो. आठ वर्षं झाली.

काय? तुमच्या पोरीचं, अर्शीचं नाव लिवू का? वहीच काढून राहिलो... उठलात का? त्याला इचारायचंय? काय इचारणार? गाड्या चांगल्या हायेत हो आता, त्यानंच केल्यात — थांबा, त्याला बाहेर बोलवू नका. बसा... न्हाई, बसू नका. दुसरी गाडी बघा तुम्ही पोरीला. जावा.