बटणांच्या दुकानाची पाटी

सून : बाबा, पुन्हा तेच केलंत. घड्याळवाल्यावरून थेट आरसेवाल्यावर उडी मारलीत.

सासरे : मारली असेल. म्हाताऱ्याने या वयात उडी मारली याचं कौतुक कर.

सून : मधे एक दुकान आहे. मीच काल पुठ्ठा कापून उभं केलंय, ही बघा, काचसुद्धा लावली. या मॉडेलमधल्या सगळ्या रस्त्याच्या पाट्या तुम्ही नखाएवढ्या अक्षरांत लिहून दिल्यात. ही एवढीच राहिलीय.

सासरे : तो चष्मेवाल्याचा निळा चुकलाय तुझा. फार आकाशी झाला. त्याचा निळा दौतीतल्या शाईसारखा होता, मी स्वतः दोन डबे एकत्र करून काढला होता. आण इकडे, नीट करतो.

सून : चष्मेवाला कुठे पळून जात नाही.

सासरे : गेलाच की पळून. आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकतात. पेनं दुरुस्त करणारा होता तिथे बँकेचं मशीन आलं, छत्रीवाल्याच्या जागी गाड्या लावतात. रस्ता तोच, पण मला तिथे उभं केलंस तर घरी यायची वाट सापडायची नाही.

सून : म्हणून तर हे मॉडेल चाललंय ना. आणि संग्रहालयाच्या बाई आज दुपारी बघायला येतायत. त्यांनी बजावून सांगितलंय, प्रत्येक दुकानावर पाटी पाहिजे. ज्याचं नाव मिळणार नाही तिथे साधी भिंत दाखवा, म्हणाल्या. अर्धवट काही नको.

सासरे : मग भिंत दाखव. वाद मिटला.

सून : आईंच्या दुकानाची भिंत करू?

सासरे : तुला कुणी सांगितलं ते तिचं दुकान म्हणून?

सून : तुमच्या मुलानेच. म्हणाले, आईचं बटणांचं दुकान होतं, घड्याळवाल्याच्या शेजारी. पाटीवर काय लिहिलं होतं ते मात्र आठवेना त्यांना. मला वाटलं विसरले असतील, त्यांना तर स्वतःच्या गाडीचा नंबर आठवत नाही. मग बाईंनी दिलेला जुना फोटो भिंगाखाली धरला. पाटी आहे, चांगली लांबरुंद आहे, कडेने बारीक पट्टी पण ओढलेली आहे. आणि आत काहीच नाही. एक अक्षर नाही. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय माझ्या.

सासरे : लागू दे. मला सगळा जन्म लागलाय.

सून : म्हणजे तुम्हालाही माहीत नाही?

सासरे : बस. बसून ऐक, उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही ते. तिने दुकान घेतलं तेव्हा आमची ओळखही नव्हती. नवीन दुकान म्हटल्यावर मला बोलावणं आलं, त्या रस्त्यावर दुसरा पेंटर होताच कोण. मी गेलो, फळी घासली, अस्तर दिलं, बाटलीचा असतो तसला हिरवा चढवला. विचारलं, नाव काय लिहायचं? म्हणाली, आधी रंग तर सुकू दे. सुकल्यावर गेलो. म्हणाली, अजून ठरत नाहीये. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. असं करत करत, नावासाठी फेऱ्या मारता मारता आमचं लग्न ठरलं, पण नाव काही ठरेना.

सून : हे भारी आहे, बाबा.

सासरे : हसतेस. मीही हसायचो. लग्नानंतर म्हटलं, आता घरचाच पेंटर आहे, मजुरी नाही की काही नाही, सांग, उद्या लिहून टाकतो. तर म्हणायची, लिहू की, घाई काय आहे. दर दोन वर्षांनी तोच हिरवा मी नवा करून द्यायचो. कडेची पट्टीही ओढून द्यायचो. आणि ब्रश धुऊन परत यायचो.

सून : का पण? काहीतरी कारण असेल ना?

सासरे : कारण मला कळलं होतं. तिला माझी अक्षरं आवडत नव्हती.

सून : छे, काहीतरीच.

सासरे : काहीतरीच कसं? एकदा बोलली होती तसं. तुमची अक्षरं फार बोलकी आहेत, म्हणाली. कौतुकाने नव्हे हो. आमटीत मीठ जास्त पडलंय म्हणतात ना, त्या आवाजात. छत्रीवाला तर चारचौघांत म्हणाला, पेंटरच्या बायकोचीच पाटी कोरी, याला म्हणतात दिव्याखाली अंधार. सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही त्या दिवशी.

सून : मग सरळ विचारायचं त्यांना.

सासरे : विचारलं असतं आणि ती हो म्हणाली असती तर? नवरा-बायकोत काही गोष्टी उत्तराच्या भीतीने विचारायच्या राहतात, आणि मग एक दिवस विचारायला माणूसच नसतं. मला वाईट वाटतं ते त्याचं. अख्ख्या रस्त्याने माझी अक्षरं कपाळावर मिरवली गं. आणि जिच्यावर जीव टाकला, तिने एक अक्षरसुद्धा घेतलं नाही माझ्याकडून.

सून : लोक काय म्हणायचे मग त्या दुकानाला?

सासरे : ज्याला जे सुचेल ते. शिंपी म्हणायचे बटणवाली. घड्याळवाला म्हणायचा ताईंकडे. शाळेतल्या पोरी म्हणायच्या डब्यांचं दुकान, कारण आत भिंतभर नुसते छोटे डबे, आणि प्रत्येकावर आत आहे तसलं एक एक बटण शिवलेलं.

सून : ते डबे मी आत मांडलेत, यांनी सांगितले तसे, वर बारीक मणीही चिकटवलेत; पण डब्यांवरही नावं नव्हती?

सासरे : नाहीत. बटण बघा आणि डबा उघडा.

सून : आणि नाव नसताना धंदा चालायचा?

सासरे : ते एक कोडंच होतं मला. आरसेवाल्याची पाटी मी सोनेरी केली होती, अक्षरांना लाल सावली दिली होती, लांबून डोळ्यांत भरायची. त्याच्याकडे दिवसभर शुकशुकाट. आणि हिच्या दारात कुणी ना कुणी उभं. आत डोकावायचे, मग आत जायचे, आणि येताना हातात पुडी. मी समजायचो, बोलघेवडी आहे, तिच्या बोलण्यावर चालतंय.

सून : मी काय म्हणते, आता तुम्हीच लिहा नाव.

सासरे : मी?

सून : दुसरं कोण? बाई यायच्या आत लिहून टाका. नाहीतर खरंच भिंत करावी लागेल, आणि ते मला बघवणार नाही. मी आईंना पाहिलंही नाही, बाबा. एवढं पुठ्ठ्याचं दुकान आहे माझ्याकडे त्यांचं. तुमच्या मनात काही नाव असेलच ना?

सासरे : असेल काय, आहेच. तिचंच नाव, आणि खाली बारीक अक्षरांत, बटणं, हुक, लेस. कितीदा आखलंय मनात. प्रत्येक अक्षराची रुंदी पाठ आहे मला.

सून : मग घ्या. हा पांढरा. हा सगळ्यात बारीक ब्रश.

सासरे : तिला विचारल्याशिवाय लिहायचं म्हणजे जरा... असो. भिंतीपेक्षा बरं. दिवा पुढे सरकव. हात धर माझा कोपरापाशी, अक्षरं फार बारीक आहेत.

सून : धरलाय. करा सुरुवात.

सासरे : थांब, ब्रशला टोक काढू दे. एवढी मोठमोठी दुकानं रंगवली, पण एका पाटीसाठी एवढा कधी थांबलो नव्हतो.

सून : बेल वाजली. आल्या वाटतं त्या. तुम्ही करा, मी दार उघडते... या ना, या. इकडे टेबलावर आहे. हे माझे सासरे. पाट्या सगळ्या यांच्या हातच्या आहेत, तेव्हाच्याही आणि आत्ताच्याही.

संग्रहालयाच्या बाई : नमस्कार. आजोबा, तुमच्याबद्दल पुष्कळ ऐकलंय. वा, काम सुबक झालंय. पेनवाले, चष्मेवाले, घड्याळवाले, ठीक. आरसेवाले, ठीक. मापं मी दिली होती तशीच ठेवलीत, फार बरं झालं. आणि हे कसलं दुकान?

सून : ते ना, त्याची पाटी अजून...

संग्रहालयाच्या बाई : आत डबे दिसतायत. काय मिळायचं इथे? थांबा, मी चष्मा लावते. डब्यांवर काहीतरी बारीक बारीक चिकटवलंय. काय आहे ते?

सून : बाबा, सांगा ना त्यांना.

सासरे : बाई, एक विचारू? घड्याळवाला, चष्मेवाला, आरसेवाला, एवढी दुकानं तुमच्या डोळ्यांखालून गेली. एकाबद्दलही विचारलं नाहीत.

संग्रहालयाच्या बाई : त्यांच्यावर लिहिलंय की. वाचलं, कळलं, पुढे गेले. यात विचारायचं काय?

सासरे : आणि इथे थांबलात.

संग्रहालयाच्या बाई : अर्थात. इथे काही लिहिलेलंच नाही, मग आत डोकावल्याशिवाय कळणार कसं?

(सासरे हातातला ब्रश टर्पेंटाइनच्या वाटीत बुडवतात आणि फडक्याने सावकाश पुसतात.)

संग्रहालयाच्या बाई : अहो, पुसताय कशाला? लिहा तुम्ही, मी थांबते.

सासरे : लिहायचं काही नाही, बाई. ही पाटी पुरी झालेली आहे. अशीच होती ती, दुकान बंद होईपर्यंत.

संग्रहालयाच्या बाई : असं? मग मात्र पंचाईत आहे. नियम मीच केलाय, नाव नसेल तिथे भिंत. एकाला सूट दिली तर उद्या दहाजण मागतील.

सून : बाई, फोटोत पाटी कोरीच आहे. तुम्हीच दिलेला फोटो आहे.

संग्रहालयाच्या बाई : ते खरं. पण बघणाऱ्यांना वाटेल आमचं काम अर्धवट राहिलं.

सासरे : वाटू दे की. करा तुम्ही भिंत, माझी ना नाही. फक्त एवढं सांगा, त्या डब्यांवर काय आहे ते कळल्याशिवाय तुम्ही आज घरी जाल?

संग्रहालयाच्या बाई : नाही. खरं सांगायचं तर नाही जाणार.

सून : मग भिंत करू?

संग्रहालयाच्या बाई : राहू द्या. राहू द्या तशीच. आणि हे मॉडेल दाराजवळ ठेवू, लोकांना जवळून वाकून बघता येईल असं. आता सांगा लवकर, काय आहे त्या डब्यांवर?

सून : बटणं. ज्या डब्यात जे बटण, ते वर शिवलेलं. सगळी आईंनी स्वतः शिवलेली. बाबा, तुम्ही सांगा ना पुढचं.

सासरे : सूनबाई, माझ्या अक्षरांवर तिचा राग नव्हता गं कधी.